अक्काचं दूध

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. विंचवाला भीत नाही, सापालाही फारशी नाही, पण घरातली माणसं गप्प व्हायला लागली की मी घाबरते. त्या वर्षी आमच्या घरात चैत्रापासून श्रावणापर्यंत एकेक माणूस गप्प होत गेलं, आणि सगळ्यांत शेवटी मी. त्या पाच महिन्यांत जेवढी भ्याले तेवढी पुढच्या सगळ्या आयुष्यात भ्याले नाही, आणि आयुष्य काही लहान मिळालेलं नाही मला.

गाव रनाळ्याच्या अलीकडचं, साल साठच्या आगेमागचं. घरात सासरे, सासू, माझे मालक, मी, आमचा आठ महिन्यांचा मुलगा आणि माझी नणंद. मालक गावच्या शाळेत मास्तर. सासूला मी माय म्हणत असे आणि नणंदेला अक्का. अक्का पंचविशीची, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्नानंतर दीड वर्षातच तिचा नवरा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला ट्रंकेसकट आणून सोडलं आणि चहा पिऊन निघून गेले. बोलायचे घरात सगळे अहिराणीच. मी इथं सरळ मराठीत लिहिते आहे, नाहीतर माझ्या नातवंडांनाच कळायचं नाही. काही वाक्यं मात्र जशीच्या तशी कानात राहिली आहेत, ती तशीच ठेवते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे गोणपाट. मागच्या पडवीत खुंटीला एक गोणपाट टांगलेलं असे. बाईला कावळा शिवला की तिनं ते काढून पडवीत अंथरायचं आणि तीन दिवस त्यावर बसायचं. चौथ्या दिवशी न्हायचं, गोणपाट धुऊन वाळवायचं, पुन्हा खुंटीला. चाल जुनाट होती, मी काही तिची आरती ओवाळत नाही. पण तिच्यामुळे घरातल्या कुठल्या बाईचं काय चाललंय हे मांजरालाही ठाऊक असायचं. सासरे पडवीकडे ढुंकूनही बघत नसत, तरी चहा कुणी आणून दिला यावरून त्यांना समजे. मी अंगावर पाजत होते, माझं बसणं अजून सुरू झालेलं नव्हतं. मायचं वय सरलेलं. म्हणजे त्या वर्षी ते गोणपाट एकट्या अक्काचं होतं.

अक्काचं बिघडायला लागलं ते कापूस वेचणीच्या दिवसांत. वेचता वेचता ती मध्येच उभी राही आणि मान कलती करून ऐके. "त्या देख, बोली ऱ्हायनात," म्हणे. बोलणारं कुणी नसायचं. मग तिनं जेवण सोडलं, का तर ताटात थुंकलेलं आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. भगताकडे दोनदा नेऊन आणली. दुसऱ्या वेळी ती दंडावर तापल्या विळ्याचे डाग घेऊन आली, त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. आवाज काही गेले नाहीत, उलट वाढले.

एका दुपारी मी मळ्यात पोचले तर अक्का विहिरीच्या काठावर उभी होती आणि माझा मुलगा तिच्या हातात होता. विहिरीला कठडा नव्हता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, ऐकत होती. मला बघून शांतपणे म्हणाली, "हाऊ सांगी ऱ्हायना, माले आत सोड." हाऊ म्हणजे हा, माझा मुलगा. ओरडले असते तर गेलं होतं माझं पोर. तोंडातून काय निघावं, तर मी म्हणाले, अक्का, त्याला भूक लागली असेल, आधी पाजते आणि मग सोडू. तिला ते पटलं. उपाशी लेकराला कुठं पाठवतात का? तिनं त्याला माझ्याकडे दिलं. मी तिथंच चिखलात बसून त्याला पाजलं.

त्यानंतर माय पुन्हा भगताकडेच ने म्हणाली, पण मालकांनी तिचं ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं नाही म्हणा ना. नंदुरबारहून गाडीत बसवून अक्काला सुरतेला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दोघं एक रात्र धर्मशाळेत राहून परत आले, ते गोळ्यांची बाटली घेऊन. सकाळी एक, संध्याकाळी एक. पुढच्या गोळ्या नंदुरबारच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून आणायच्या. देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी गुळाच्या खड्यात गोळी खुपसून द्यायची आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

तीनेक आठवड्यांनी अक्का म्हणाली की ते अजून बोलतात, पण आता शिवेबाहेर बसून बोलतात. आणखी काही दिवसांनी एकदा जेवता जेवता ती म्हणाली, "भाजीमा मीठ कमी शे." किती महिन्यांनी तिला भाजीची चव लागली होती. मी चुलीकडे तोंड फिरवून रडून घेतलं. मीठ खरंच कमी होतं.

तसं गोळ्यांनी सगळंच गोड झालं नव्हतं. अक्काचे हात थरथरायला लागले, पाण्याचा तांब्या हिंदकळे. चाल आखडली. चेहरा असा झाला की हसली काय नि रडली काय, ओळखू येऊ नये. नाकावर माशी बसली तरी हाकलत नसे. पण माझं पोर मी अंगणात खाटेवर टाकून भाकरी थापू शकत होते. त्या बदल्यात मला काहीही चाललं असतं. स्वार्थी तर स्वार्थी.

वैशाखात गोणपाट खाली आलं नाही.

माझ्या ते ध्यानातही आलं नाही आधी. मायच्या आलं. ज्येष्ठातही ते खुंटीवरच राहिलं, तेव्हा मायनं ते काही कारण नसताना काढलं, झटकलं, उन्हात घातलं आणि पुन्हा टांगलं. एक शब्द बोलली नाही. आषाढात तिनं पुन्हा तेच केलं, आणि या वेळी गोणपाट झटकताना ती माझ्याकडे बघत होती. माय एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई. कोंबडीलासुद्धा चार शिव्या दिल्याशिवाय दाणे टाकायची नाही. ती गप्प झाली आणि मला पहिल्यांदा धास्ती बसली.

मग श्रावण लागता लागता अक्कानं मला न्हाणीतून हाक मारली. ती लुगडं गुंडाळून उभी होती आणि चोळी हातात होती. चोळीवर दोन ठिकाणी ओलं होऊन कडक झालं होतं. तसले डाग मला नवे नव्हते, माझ्या सगळ्या चोळ्यांवर होते. "वहिनी, हाई काय शे?" असं म्हणून तिनं छाती दाबून दाखवली. दूध आलं. पांढरं, माझ्यासारखंच.

मी दार ओढून घेतलं. तिचा चेहरा नेहमीसारखाच, काहीच न सांगणारा. पण डोळे माझ्यावर खिळलेले. ती हळूच म्हणाली, "माले लेकरू व्हयनं व्हतं का? माले याद नही." मी मानेनंच नाही म्हणाले. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, "मंग ते कोठे शे?"

हे वाचणाऱ्याला वाटेल वेडी बाई काहीतरी बरळली. पण मला त्यात वेडेपणा दिसेना, आणि तीच भीती होती. गेल्या सहा महिन्यांतलं तिला निम्मं आठवत नव्हतं. तिच्या कानांनी तिला फसवलं होतं, डोळ्यांनी फसवलं होतं, आता अंगातून दूध येतंय म्हणजे लेकरू झालेलंच असणार आणि कुणीतरी ते लपवलं असणार. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. त्या दिवसापासून ती घरात शोधायला लागली. कणगीमागे बघायची, धान्याच्या कोठीत हात घालायची, कुणाला त्रास न देता. आणि माझ्या मुलाजवळ बसून त्याच्या पायांची बोटं मोजायची.

चोळी मी माझ्या धुण्यात घातली. कुणी विचारलं तर माझीच आहे.

आता जे लिहिते त्याची मला लाज आहे. मी गावातला एकेक पुरुष डोळ्यांसमोर आणला. आमचा सालदार, साठीचा, एका डोळ्यानं अधू. शेजारचा. भगत. प्रत्येकावर तासन् तास संशय घेऊन झाला आणि मग मी जिथं जायला नको होतं तिथं पोचले. सुरत. धर्मशाळा. एक रात्र. मालक समोर बसून भाकरी खात असायचे आणि मी वाढता वाढता त्यांच्या हातांकडे बघायची. सख्खा भाऊ तिचा! पण भीती एकदा आत शिरली की ती कुणाचं नातं विचारत नाही. मी त्यांच्याशी बोलायची बंद झाले. घरातलं शेवटचं बोलकं माणूसही गप्प झालं.

कानबाई, आमच्याकडची श्रावणातली देवी, बारा दिवसांवर आली होती. श्रावणातल्या एका रविवारी आमच्या घरी कानबाई बसे, सगळी भाऊबंदकी रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांच्या जेवणाला, आमच्याकडे जमे. त्या आधी माय घरातल्या बायकांच्या तारखा बघून ठेवत असे, ऐन सणात कुणी बाजूला बसायला नको म्हणून. ती आता विचारणारच होती. मग मी एक मूर्खपणा केला. अक्काला म्हटलं, आज तुला बाजूला बसायचंय. ती म्हणाली, पण मला काही झालेलं नाही. मी म्हटलं, माझ्यासाठी बस. तिनं गोणपाट काढलं आणि बसली. माझं ती ऐकायची.

तीन दिवस मी तिला लांबून जेवण वाढलं, आणि प्रत्येक वेळी मनात कानबाईची माफी मागितली. देवी बसायच्या तोंडावर देवीच्या घरात खोटं. आज हसू येतं, पण तेव्हा माझा मुलगा नुसता शिंकला तरी मला वाटे की झाली शिक्षा सुरू. आपली युक्ती फार हुशारीची आहे असंही वाटत होतं. माय मात्र पाच लेकरांची आई होती. तिसऱ्या दिवशी ती पडवीत आली, अक्काकडे बघितलं, मागच्या दोरीकडे बघितलं आणि मला विचारलं, "धुणं कोठे शे?"

बाजूला बसलेल्या बाईचे कपडे दोरीवर हवेत. वाळत घातलेली फडकी हवीत. दोरी तीन दिवस रिकामी होती. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

माय माझ्या अंगावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला स्वयंपाकघरात घेऊन गेली, खाली बसली आणि म्हणाली, "चौथा महिना शे." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "मनी आंडेर शे ती. माले समजस नही का?" पोटच्या लेकीबद्दल एवढं बोलून मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी कानबाई, सगळे भाऊबंद घरात येतील, त्यांना डोळे आहेत. सासऱ्यांना अजून कळलेलं नाही, आणि त्यांना भाऊबंदांच्या तोंडून कळलं तर ते पोरीला जिवंत ठेवायचे नाहीत. ती कुणाची भीती घालत नव्हती. ती स्वतःच भ्यालेली होती, पदराचं टोक तोंडात धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती सुईणीकडे जाऊन आली. पदराखालून मुळ्यांची जुडी काढली आणि काळ्या मडक्यात पाणी घालून मागच्या चुलीवर चढवली. तो वास मला माहीत होता. माझ्या माहेरच्या गल्लीतली एक बाई तो काढा पिऊन तीन दिवसांत गेली होती, रक्त थांबलं नव्हतं. मी म्हटलं, माय, मरेल ती. माय चुलीत काटकी सारत म्हणाली, "वाचनी ते वाचनी. नही ते इहीर शेच." मडकं दोन दिवस आटवायचं होतं. कानबाईच्या आधीच्या रविवारी सकाळी पाजायचं ठरलं, कारण त्या दिवशी सासरे रनाळ्याला एका भाऊबंदाच्या लग्नाच्या बोलणीसाठी जाणार होते.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी मालकांना गोठ्यात गाठलं. ते बैलांना चारा टाकत होते. मी सगळं सांगितलं. चोळी, गोणपाट, मडकं. आणि मग म्हणाले, तुम्ही तर नाही ना?

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता मारतील. ते चाऱ्याच्या पेंडीवर बसले आणि म्हणाले, "धर्मशाळेत ती रात्रभर दाराला टेकून बसली होती. मी बाहेर ओट्यावर होतो. तिनं आतून विचारलं, दादा, आहेस का? असं रात्रभर विचारलं आणि मी रात्रभर हो म्हणालो." मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले, पण रागानं नाही. मग मास्तरासारखं विचारलं, "गोळ्या कधी सुरू झाल्या आणि हे कधी सुरू झालं?" मी बोटांवर महिने मोजले आणि मोजता मोजता थांबले.

नंदुरबारच्या डॉक्टरांना विचारायला हवं होतं, आणि ते मीच विचारायला हवं होतं, भावानं बहिणीबद्दल हे कसं विचारावं? अक्काला बरोबर न्यायचं म्हटलं तर मायनं दार अडवलं. ही अशी पोर गावातून गाडीत बसून जाणार नाही. मालक काही बोलायला गेले तर ती एवढंच म्हणाली, तुझ्या बापाला हाक मारू का? ते तिथंच विरघळले. पाऊस लागून रस्त्याचा चिखल झाला होता, मोटार बंद होती. बैलगाडीनं जाऊन यायला अख्खा दिवस लागणार. आणि मडकं तयार होतं.

रविवारी सकाळी सासरे गेले. गाडी जुंपली गेली. मी मुलाला घेऊन दारात उभी होते आणि माझ्या मनात ती विहीर होती. त्याला घेऊन कठड्याशिवायच्या काठावर उभी असलेली अक्का. त्या दिवशी मी मनाशी शपथ घेतली होती की हे पोर पुन्हा तिच्या हातात द्यायचं नाही. मी पडवीत गेले आणि त्याला तिच्या मांडीवर ठेवलं.

मायला म्हटलं, मी याला इथंच ठेवून जाते. रस्ता वाईट आहे, पाऊस आहे. दिवसभर अक्का पाजेल त्याला, तिला दूध आहे. माय माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माय, माझ्या बाळंतपणात तुम्ही मला वांगं खाऊ दिलं नाही, गवार खाऊ दिली नाही, कैरीची फोड हातातून काढून घेतली. आई खाईल ते लेकराच्या पोटात जातं म्हणालात. आता तिला काय पाजायचं ते बघा. तुमचा नातू तिच्या अंगावर पितोय.

असं मी सासूशी कधी बोलले नव्हते, पुन्हाही बोलले नाही. मुलानं इकडे तिकडे तोंड मारलं आणि तो प्यायला लागला. अक्का खाली वाकून बघत होती. मी मागे न बघता गाडीत चढले, बघितलं असतं तर उतरले असते.

काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुतत होती. मालक उतरून खांदा लावायचे, मी उतरून चाकाखाली झाडोरा घालायची. माझ्या डोक्यात दोनच चित्रं होती, मडकं आणि विहीर. यातलं एक खरं होणार अशी माझी खात्री होती, आणि दोन्ही मीच मांडून आले होते. पान्हा दाटून माझी चोळी भिजली. तिकडे तो रडत असेल म्हणून भरून येतंय, की पाजायची वेळ झाली म्हणून, मला सांगता येईना.

दवाखाना बंद होता, पण डॉक्टर वरच राहत. त्यांनी खाली येऊन दार उघडलं. मालक बाहेर ओट्यावर थांबले आणि मी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "पोट वाढलंय का?" नाही म्हटलं. "ओकाऱ्या?" नाही. त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, चष्मा पुसला, पानं उलटली. मग म्हणाले, "बाई, हे त्या गोळ्यांचं आहे. असं होतं म्हणून लिहिलंय. पाळी जाते, दूध येतं. दिवस गेलेले नाहीत." मी विचारलं, डोक्याच्या गोळीनं छातीत दूध कसं येईल? ते म्हणाले, "ते नीटसं मलाही ठाऊक नाही." त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे, कारण खोटं काही सांगून त्यानं मला वाटेला लावलं नाही.

नीटसं मला माझ्या नातीनं सांगितलं, पन्नास वर्षांनी. ती डॉक्टरकी शिकते. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं म्हणे, एका जागेचा निरोप दुसऱ्या जागेला पोचवणारं. त्याच्या वाटा निरनिराळ्या. एका वाटेवर त्याचा गोंधळ वाढला की नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात, नाहीतर साध्या बोलण्यातही आपल्यावर रोख दिसतो. दुसऱ्या वाटेवर ते हातापायाला सांभाळतं. आणि तिसऱ्या वाटेवर ते दुधाला सारखं नको, आत्ता नको, असं बजावत असतं. गोळी त्या निरोपांना अडवते, पण तिला वाट निवडता येत नाही. आवाज गप्प केले तसे अक्काचे हात थरथरले, आणि दुधाला नको म्हणणाराही गप्प बसला. "आजी, इतकं साधं आहे," असं म्हणून तिनं वहीत तीन रेघा काढून दाखवल्या. मी त्या रेघांकडे बघत बसले. तिला काय ठाऊक की त्यातल्या एका रेघेपायी आमच्या मागच्या चुलीवर मडकं चढलं होतं.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि संध्याकाळची गोळी अर्धी करायला सांगितली. एकदम बंद करायची नाही, आवाज परत येतील, असं दोनदा बजावलं.

परत पोचलो तेव्हा दिवस मावळायला अजून अवकाश होता. मी गाडी थांबायच्या आत उडी मारली. मळ्याची वाट रिकामी होती. पडवीत अक्का भिंतीला टेकून बसली होती आणि मुलगा तिच्या मांडीवर झोपला होता. इतका गाढ की मी त्याच्या नाकापुढे बोट धरलं. गोळीचा अंश दुधातून त्याच्यातही गेला असणार, हे मला कितीतरी वर्षांनी सुचलं आणि तेव्हा मी नव्यानं भ्याले. माय समोर बसली होती आणि काळं मडकं तिच्या पायाशी होतं. जसंच्या तसं, वर साय धरलेलं. ती सकाळपासून तिथून उठली नव्हती, पाणीसुद्धा प्यायली नव्हती. म्हणाली, चार वेळा प्यायला तो.

मालकांनी चिठ्ठी वाचली. मायला कागदाचा भरवसा नव्हता. तिनं तीन वेळा वाचायला लावली, मग अक्काजवळ जाऊन तिच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्यानंतर ती उठली, मडकं उकिरड्यावर नेऊन ओतलं आणि फोडलं. परत येताना ती कोंबड्यांना शिव्या देत होती. तो आवाज ऐकला आणि मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

आम्ही तिघं सुटलो होतो. अक्काकडे कुणी बघितलंच नाही. तिनंही चिठ्ठी ऐकली होती, तीन वेळा. तिनं मला विचारलं, "मंग मन्हं लेकरू कोठेच नही?"

"नही, अक्का," मी म्हणाले.

तिनं माझ्या मुलाला उचललं, तिच्या थरथरत्या हातांनी, नीट मान धरून, आणि मला दिलं. त्यानंतर तिनं कणगीमागे बघणं सोडून दिलं.

संध्याकाळी मी गोळी अडकित्त्यानं कापली आणि अर्धी गुळात घालून तिच्यापुढे धरली. तिनं गुळाचा खडा फोडून बघितला. "अर्धीच काब?" मी सांगितलं, डॉक्टर म्हणाले. "समदी दे," ती म्हणाली. आवाज परत आलेत का, म्हणून मी घाबरून विचारलं. तिनं मान हलवली, नाही. मग झोपलेल्या मुलाकडे बघून म्हणाली, "मंग दूध चालनं जाई."

मी अर्धीच दिली. काय करणार होते?

दिवाळीच्या सुमाराला अक्काचं दूध आटलं आणि गोणपाट खुंटीवरून खाली आलं. माय म्हणाली, कानबाई पावली, आणि तिनं सासऱ्यांच्या देखत शेजारपाजारी गूळ वाटला, कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही. मी रोज अक्काचं जेवण घेऊन पडवीत गेले. ती तिन्ही दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि ताटाला तिनं हात लावला नव्हता.